कोटांखाली दडपलेला वॉकर

मी एक जुना वॉकर आहे, मित्रांनो. आणि आधीच सांगून टाकतो, माझा राग अजून गेलेला नाही.

चार पाय, दोन मुठी आणि पायांना रबरी टोप्या, एवढंच माझं शरीर. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवलं तेव्हा मी आरशासारखा चमकत होतो. मग दूर परदेशातल्या डोक्कुम नावाच्या गावी एका दुकानात आलो. खुब्याचा सांधा बदललेली माणसं तिथून मला घरी नेतात, काही आठवडे वापरतात आणि परत आणून देतात. अशी सतरा घरं मी पाहिली. एका थोराड गोठेवाल्यानं पहिल्याच दिवशी माझ्या मुठी अशा आवळल्या, की त्याच्या बोटांचे वळ अजून दिसतात. पण त्यानं मला कधी लपवलं नाही.

लपवलं ते अठराव्या घरानं.

आफके आजींचा डावा खुबा बदलला होता. व्यायाम शिकवणारी बाई घरी आली आणि तिनं बजावलं, "आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. वाकायचं नाही. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. नवा सांधा निसटला तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपावं लागेल, आजी."

आजींनी मान डोलावली. पहिल्या दिवशी त्या पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, अकरा पावलं. कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, आपल्या नळ्यांचं सोनं झालं!

पण त्या घराला रस्त्याच्या बाजूनं भलीमोठी काच होती, आणि पडदे लावायची तिकडे रीत नाही. कुणी ओळखीचं जाताना दिसलं, की आजी मला खुर्चीमागे ढकलायच्या आणि खिडकीच्या कट्ट्याला धरून हसतमुख उभ्या राहायच्या. जणू मी म्हणजे घरात शिरलेलं भटकं कुत्रं!

अठराव्या दिवशी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. त्यांची मुलगी हिस्के सकाळपासून खुर्च्या मांडत होती. वाढदिवसाला सगळ्यांनी गोल करून बसायचं, कॉफी प्यायची आणि केकचा एकेक तुकडा खायचा, हे तिथं ठरलेलं.

"आई, हा वॉकर गोलात मावत नाही गं. आणि फोटोतही कसा दिसेल?"

"ठेव बाहेर," आजी म्हणाल्या. "दोन तासांचा तर प्रश्न आहे."

मला बाहेरच्या बोळात ठेवलं. पाहुणे येऊ लागले, खुंट्या भरल्या, आणि मग एकेक ओला कोट माझ्या अंगावर! ज्यानं त्या बाईला उभं केलं, त्याची खुंटी केली. काचेच्या दारापलीकडे आत अभिनंदनं चालली होती. तिकडे ज्याचा वाढदिवस असतो त्याच्या लेकीचं, दिराचं, शेजाऱ्याचंही अभिनंदन करतात. हिस्केचा हात दाबून दाबून लाल झाला. आणि आजींना कुठं बसवलं? मानाच्या जागी. म्हणजे बसक्या, मऊ, बिनहातांच्या सोफ्यावर! गुडघे छातीशी आलेले. वीस माणसांत एकालाही ते दिसू नये?

तासाभरानं कोटांच्या फटीतून मला आजींचा चेहरा दिसला. पांढरा पडला होता. त्यांनी दोन्ही हात गादीत रुतवले आणि पुढे वाकून उठायला लागल्या.

मला हाका मारता येत असत्या, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

"आफके! हलू नकोस!"

ओरडले ते शेजारचे रेंडर आजोबा. त्यांचा खुबा दोन वर्षांपूर्वी बदललेला. ते मागच्या दारानं आले होते, म्हणून मी त्यांना दिसलो नव्हतो. "वॉकर कुठाय हिचा?"

"बोळात... कोटांखाली," हिस्के पुटपुटली.

"कोटांखाली! वा! आईला कपाटात कोंबायचं तेवढं राहिलं!"

आजोबांनी दार उघडलं आणि सगळे कोट भसाभस जमिनीवर टाकले. कुणाचा तरी टोपीवाला मेहुणा म्हणाला, "अहो, माझा नवा आहे."

"कोट नवा आहे, तसा तिचा खुबाही नवा आहे!"

मला आजींसमोर ठेवलं. "आता सरक कडेला. डावा पाय पुढे लांब. हिस्के, काखेत हात घाल, ओढू नकोस." दोघांनी त्यांना अलगद वर घेतलं. आजींनी माझ्या मुठी पकडल्या. सांधा जागेवर होता.

सगळे उभे राहिले. आजी वैतागल्या. "बसा हो सगळे! मला संडासला जायचंय, एवढंच. पाऊण तास झाला."

"मग सांगितलं का नाहीस गं?" हिस्केचे डोळे भरले.

"तू गोल इतका छान मांडला होतास."

मित्रांनो, याच उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग आला. बाळ पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आपण टाळ्या पिटतो, त्याच्या वाटेतलं सगळं सामान हटवतो. पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं तेच पाऊल टाकलं, तर सामान तसंच ठेवून तिचा आधार हटवायचा? आणि वर तिनंच संकोचायचं?

हिस्केनं त्यानंतर हातांची उंच खुर्ची आणली. दोन पाहुणे स्वयंपाकघरात बसले. मी गोलात होतो, आजींच्या उजव्या हाताशी.

तुमच्या घरी कुणी बरं होत असेल, तर त्याचा आधार त्याच्या हाताच्या अंतरावर ठेवा. घर विस्कटलेलं दिसलं तर दिसू द्या. आणि त्यानं काही मागण्याआधी एकदा विचारा.

पुढच्या महिन्यात आजी मला परत द्यायला आल्या. मला हिस्केनं उचललं होतं. आजींच्या हातात नुसती एक काठी होती. पावती घेतली आणि त्या दाराबाहेर पडल्या. सरळ, आपल्या पायांनी. मागे वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याबद्दल मात्र माझी मुळीच तक्रार नाही.