‘च’ चा ‘ही’

मित्रांनो, खाली सरकवू नका. मी एक जुना परवाना करार आहे. फोनवर एखादं नवं ॲप घेताना तुमच्यासमोर जो लांबलचक मजकूर येतो आणि ज्याच्या तळाशी ‘मला मान्य आहे’ असा चौकोन असतो, तो मजकूर म्हणजे मी. तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणार कसे? माझं तोंड पाहण्याआधीच तुमचा अंगठा माझ्या पायाशी पोचलेला असतो. पाया पडायला नव्हे, टिचकी मारून मला हाकलायला.

मला सगळे कंटाळवाणा म्हणतात. म्हणा बापडे. पण मी जन्मतः असा नव्हतो. माझा जन्म एका छोट्या कंपनीत झाला. गळ्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज कायमचा जाणार आहे, अशा लोकांसाठी त्या कंपनीनं एक ॲप बनवलं होतं. शस्त्रक्रियेआधी आपला आवाज त्यात भरून ठेवायचा. नंतर फोनवर अक्षरं टाइप केली, की फोन आपल्याच आवाजात बोलतो. चांगलं काम होतं ते. मला लिहिलं वकीलबाईंनी. त्यांनी मला एका पानात बसवलं आणि स्वागतकक्षातल्या मुलीला वाचून दाखवलं. ‘तुमचा आवाज तुमचाच राहील.’

“कळलं का?” वकीलबाईंनी विचारलं.

“कळलं की. आवाज माझाच.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याखाली चौकोन काढला.

तेव्हा मला स्वतःचा अभिमान होता. लोक मला वाचायचे हो. अगदी शेवटपर्यंत वाचायचे.

असंच एकदा मला एका आजोबांनी वाचलं. ते फळबाजारात लिलाव पुकारायचे. सगळा बाजार त्यांना ‘भोंगा’ म्हणायचा, आणि त्यांना ते आवडायचं. पेटी उघडली, भाव सुरू झाला, एक वार, दोन वार, तीन वार, हातोडी खाली, पुढची पेटी. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तिसरा वार तोंडातून गेल्याशिवाय माल विकला गेला असं ते कुणाला म्हणू द्यायचे नाहीत. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज नाही.

त्यांच्या मुलीचं औषधांचं दुकान आहे. तिनंच हे ॲप शोधलं. तिनं मला मोठ्यानं वाचलं. ‘तुमचाच’ या शब्दाशी आजोबांनी हात वर केला. बसलेल्या घशातून त्यांनी विचारलं, “च आहे ना?”

“आहे, बाबा.”

“मग कर मान्य.”

मग स्वयंपाकघराचं दार लावून ते रोज फोनसमोर बसत आणि वाक्यं म्हणत. बाहेर आजी कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बंद करून उभी राहायची. शेवटच्या दिवशी त्यांनी आपणहून एक वार, दोन वार, तीन वार म्हणून घेतलं. ते ॲपनं मागितलेलं नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य टाइप केलं. फोन त्यांच्या आवाजात म्हणाला, “चहात साखर कमी आहे.” आजी डोळे पुसत म्हणाली, “आवाज आला नाही तोच तक्रार सुरू.”

मित्रांनो, त्या घरात माझे दिवस फार चांगले गेले. आता पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

कंपनीत नवे साहेब आले. मी ऑनलाइन राहतो, त्यामुळे कंपनीतलं कुणीही बसल्या जागेवरून माझ्यात लिहू शकतं. ज्यानं बदल केला त्याचं नाव आणि त्याची शेरेबाजी माझ्या समासात राहते. साहेबांनी माझ्या समासात लिहिलं, ‘तुमचाच फार कडक वाटतं. तुमचाही करा.’

वकीलबाईंनी खाली लिहिलं, ‘अर्थ बदलतो.’

साहेबांनी लिहिलं, ‘वाचतंय कोण?’

झालं. तुम्ही ‘ध चा मा’ ऐकला आहे ना? माझ्या बाबतीत च चा ही झाला. तुमचा आवाज तुमचाही राहील. म्हणजे तुमचा आहेच, आणि आमचाही आहे. आणि हा ही कुणाला दिसू नये म्हणून साहेबांनी माझ्यात भुसा भरला. ‘यासंदर्भात’, ‘वरील उपकलमास अधीन राहून’, ‘मर्यादित नसलेल्या अशा’. एका पानाचा मी, माझं पोट फुगून त्याचा नगारा झाला. मी कंटाळवाणा आहे म्हणता ना? मला कंटाळवाणा मुद्दाम केला आहे, तुम्ही कंटाळून निघून जावं म्हणून. चोर अंधार करतो तसा यांनी माझा अंधार केला. वकीलबाई महिना संपायच्या आत नोकरी सोडून गेल्या. त्यांचं नाव माझ्या समासात फिकं झालं.

मग मला पुन्हा घरोघर पाठवलं. आजोबा तेव्हा दारात प्लंबरशी घासाघीस करत होते. वाक्य अर्ध्यावर असताना मी मध्येच पडद्यावर उभा राहिलो. प्लंबर निघाला होता. आजोबांनी मान्य दाबलं आणि वाक्य पुरं केलं. का नाही दाबायचं? मला त्यांनी एकदा वाचलं होतं. माणूस ओळखीच्या माणसाला दारात अडवून पुन्हा नाव विचारतो का? त्यांचा मला मुळीच राग नाही. माझा राग ज्यांनी माझा चेहरा तोच ठेवून आतला मी बदलला, त्यांच्यावर आहे.

काही दिवसांनी ॲप अडकू लागलं. एका दुपारी मुलीनं जेवणाच्या टेबलावरून कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा.”

आतून आजी म्हणाली, “अहो, कुणाला थांबवताय?”

आजोबांचा फोन खिशात होता. ते काहीच बोलले नव्हते. टेबलावरून त्यांचा आवाज पुन्हा म्हणाला, “कृपया प्रतीक्षा करा.” आजी हात पुसत बाहेर आली आणि तिला ते कळलं.

बऱ्याच वेळानं एक माणूस फोनवर आला. “मॅडम, तुम्ही करार मान्य केलाय.”

“त्यात काय लिहिलंय?”

“ते मला वाचून सांगावं लागेल.”

“मग वाचा.”

“तेवढा वेळ नसतो, मॅडम,” तो म्हणाला. त्याच्यावरही मी चिडत नाही. त्यानंही मला वाचलेलं नव्हतं.

आजोबांनी मग मला सबंध उचललं आणि आपल्या फोनला वाचायला लावलं. त्यांच्याच आवाजात. सगळा भुसा, सगळी उपकलमं त्या टेबलाशी त्यांच्या आवाजात बाहेर पडली. मुलगी ओळीवर बोट ठेवून ऐकत होती. ‘तुमचाही राहील’ आलं तशी ती थांबली. “बाबा, इथे च होता.” पुढच्या ओळीत होतं, की ॲपमधून बोललेलं प्रत्येक वाक्य कंपनीला वापरता येईल. घरातलंसुद्धा. त्याच्याखाली होतं, की एकदा घेतलेला आवाज परत मिळणार नाही, आणि करार अमान्य असेल तर ॲप बंद होईल.

आजी घाबरली. “असू दे हो. तिकडे काय बोलायचं ते बोलू दे. घरात तरी बोलता ना माझ्याशी.”

आजोबांनी टाइप केलं. “तुझ्याशी बोललेलं त्यांना का देऊ?”

“मग मी काय ऐकू?” आजी म्हणाली.

आजोबांनी तिचा हात धरला. मग त्यांनी फोन मध्ये ठेवला आणि त्याला बोलायला लावलं. “एक वार. दोन वार.” तिसरा त्यांनी म्हणू दिला नाही. कोपऱ्यातला करड्या रंगाचा, मुद्दाम बारीक ठेवलेला ‘अमान्य’ शोधून त्यांनी तो दाबला. फोन मुका झाला.

मुलीनं तक्रार नोंदवली आहे. वकीलबाईंचा पत्ताही तिला मिळाला आहे, आणि त्या साक्ष देईन म्हणतात. भांडण चालू आहे. तोवर आजोबा लिलावाची जुनी हातोडी टेबलावर आपटून घरच्यांना हाक मारतात.

माझ्या शेवटच्या ओळीत कंपनीचा तक्रारीचा नंबर आहे. आजोबांचा डोळा लागला, की आजी तो नंबर लावते. तिची काही तक्रार नसते. “कृपया प्रतीक्षा करा,” असं तिचाच नवरा तिला सांगतो, आणि ती करते. पलीकडे खरा माणूस आला की फोन ठेवून देते.

मित्रांनो, मला तुमची कीव नको. मला वाचा. सगळं नाही जमलं तर निदान तुमचं जे आहे त्याच्यापुढे च आहे की ही आहे, एवढं बघा. मी पुन्हा आलो तर ओळखीचा म्हणून सोडू नका, पुन्हा तपासा. ‘वाचतंय कोण?’ असं साहेबांनी माझ्या समासात लिहून ठेवलं आहे. ते अजून तिथेच आहे, आणि त्याच्याखाली उत्तराची जागा रिकामी आहे.