रुसलेल्या नेटवर्क कार्डाची कैफियत

मी नेटवर्क कार्ड बोलतोय. निदान बोलतोय असं मला वाटतं. पलीकडे पोहोचतंय की नाही, याची खात्री मला जन्मापासूनच नाही.

हिरव्या पट्टीवर जडवलेल्या दोन-चार काळ्या चिप, एवढाच माझा देह. सत्त्याण्णव साली मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत आलो. टँकरचं दूध मोजून घेतात तिथल्या संगणकात मला बसवलं. इथलं वजन तारेवरून लॅबला कळवायचं आणि लॅबने पाठवलेला फॅटचा आकडा संगणकाला द्यायचा, हे माझं काम.

माझ्याशी बोलायला संगणकात एक ड्रायव्हर होता. टँकरवरचा नव्हे, एक प्रोग्राम. तो काम सांगणार, मी करून ‘झालं’ म्हणणार. पण उन्हाळ्यात मी तापायचो आणि ते ‘झालं’ माझ्या तोंडून निघायचंच नाही. दोष चिपचा, उकाड्याचा की माझ्या स्वभावाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ड्रायव्हर बिचारा माझ्या उत्तरासाठी ताटकळत उभा. त्याच्यापायी संगणक अडायचा, संगणकापायी वजन, आणि टँकर बाहेर उन्हात. एप्रिलात एका टँकरचं दूध नासलं.

व्यवस्थापक बाजीराव कडाडले, “धम्मदीप, पुन्हा दूध नासलं तर तुझी ही खोकी उचलून न्यायची. आमचं कागद-पेन काय उन्हानं बंद पडत न्हाय!”

धम्मदीप वरकुटे गावचा तरुण इंजिनिअर. संगणक त्यानंच बसवलेले, ड्रायव्हरही त्यानंच लिहिलेला. त्यानं मला खाचेतून उपटून खोडरबरानं माझे दात, म्हणजे खाचेत बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या, घासले. मी चकचकीत झालो, आणि दुपारी पुन्हा अडलो.

दुसऱ्या दिवशी बाजीराव निरवांगी गावातल्या एका लग्नाहून थेट डेअरीत आले.

“तात्या, जेवण कसं हुतं?” धम्मदीपनं त्यांना विचारलं.

“मिळाया तर पायजे! नवऱ्याचा मामा रुसला. टावेल-टोपीचा मान ऱ्हायला म्हणं. त्यो उठंना, आन् त्याच्याबिगर पंगत बसंना. अख्खा मांडव उपाशी!”

“मग त्याचं ताट झाकून ठेवायचं, आन् पंगत बसवायची.”

“व्हय, आन् पाव्हण्याचा मान?”

धम्मदीप हसता हसता थबकला. “तात्या, माझा ड्रायव्हर बी हेच करतोय की! ह्या कार्डासाठी समदा मांडव उपाशी ठेवतोय.”

त्यानं ड्रायव्हर नव्यानं लिहिला.

मे महिन्यात, फाटकाशी टँकरची रांग असताना, मी रुसलोच. ड्रायव्हर जरासा थांबला. मग त्यानं मला पार विझवून पुन्हा जागं केलं. तरी मी गप्प. तेव्हा त्यानं ‘कार्ड सध्या नाही’ असं ठरवलं, माझ्या वाट्याचे आकडे बाजूला ठेवले आणि संगणकाला मोकळं केलं. लॅबमधल्या सिंधुबाई वजनाच्या आणि फॅटच्या चिठ्ठ्या घेऊन ये-जा करू लागल्या. सगळे टँकर रिकामे झाले. थेंबभर दूध नासलं नाही.

माझ्यावाचून काही अडत नाही, हे कळायला मला तेवढीच दुपार लागली.

“चाललं की रं!” बाजीराव म्हणाले. “मग हे ध्यान कशाला पोसायचं? काढ ते.”

“ऊन उतरू द्या, तात्या. ड्रायव्हर त्याला परत हाक मारणार हाय.”

संध्याकाळी हाक आली. मी घाबरत घाबरत ‘ओ’ दिली. साठलेले आकडे एकामागून एक लॅबकडे गेले. बाजीराव पडद्याकडे बघत म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”

म्हणून मी अजून इथं आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याच्यापायी सगळ्यांना खोळंबवू नका. फक्त ऊन उतरल्यावर त्याला एकदा हाक मारा. तो ‘ओ’ देईल.

बहुतेक.