अकरावा आठवडा

कबड्डीच्या सामन्यात पकड करताना गौतमीच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आधीच्या पोलीस भरतीत तिची निवड दोन गुणांनी हुकली होती. मांडवगण फराट्यात ती आणि तिची आई रंभा, दोघीच राहत. रंभा लोकांच्या वावरात खुरपायला जाई.

दौंडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूची दोरीसारखी शीर काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली. दोन महिन्यांत सूज उतरली, गुडघा वाकायला लागला, गौतमी जिना चढायला लागली. आणि नेमकी तेव्हाच नव्या भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख आली. ऑपरेशननंतरचा अकरावा आठवडा. तारीख पुढं ढकलावी म्हणून तिनं अर्ज केला. उत्तर आलं नाही.

व्यायाम करून घेणाऱ्या पूनम मॅडमना तिनं ती तारीख दाखवली. रंभाही सोबत होती.

"मला आता काहीच दुखत नाही, मॅडम."

"दुखत नाही म्हणूनच भीती वाटते मला," मॅडम म्हणाल्या. "शीर जागची काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. आतल्या पेशी मरतात. मग नव्या रक्तवाहिन्या, नव्या पेशी तिच्यात शिरतात आणि ती हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते. पण मधल्या काळात ती मऊ पडते. बसवली त्या दिवशी होती, त्यापेक्षा आज ती कच्ची आहे."

"पक्की कवा व्हायची?" रंभानं विचारलं.

"वर्ष तरी धरा, मावशी. कुणाला त्याहून जास्त लागतं. गौतमी, तोवर तू चाल, व्यायाम कर. पण जोरात पळायचं नाही, झटक्यानं वळायचं नाही."

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी रंभा कांद्याच्या वावरातून आली, तर गौतमी बूट पुढ्यात घेऊन उंबऱ्यात बसलेली.

"आई, तू सांग. जाऊ का नको? तू म्हणशील तसं."

रंभाला मॅडमचा शब्द न् शब्द आठवत होता. पण समोर पोरगी उठून दोन्ही पायांवर नीट उभी राहिली होती आणि पुढची भरती कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मॅडम लोकांना भ्याव घालायची सवयच असती," ती म्हणाली. "चांगली चालतीयस की. जा. मी येते संगं."

आठशे मीटर गौतमी मनासारखी पळाली. कुंपणाबाहेर उभ्या रंभाला बरं वाटलं. मग शंभर मीटर. गौतमीनं रेषा ओलांडली आणि पुढची मुलगी एकाएकी थांबली. तिला चुकवायला गौतमीनं उजवा पाय रोवून अंग वळवलं आणि ती खाली बसली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून कुंपणाकडे आईला शोधत राहिली.

गोळाफेक राहिली, म्हणजे भरतीही गेली. बसवलेली शीर तुटली होती, जोडीला गुडघ्यातली गादीही फाटली होती. दुसऱ्या ऑपरेशनला डाव्या पायाची शीर काढावी लागली. कबड्डी विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सहा महिन्यांनी गौतमीला रांजणगावच्या एका कारखान्यात बसून करायचं पॅकिंगचं काम मिळालं. कारेगावात शितल नावाच्या मुलीबरोबर ती खोली घेऊन राहू लागली. एका सुट्टीच्या दिवशी रंभा भेटायला गेली. शितल बाहेर गेली होती. गौतमी भिंतीला टेकून बसून डावा पाय, मग उजवा पाय उचलत होती.

"माझंच चुकलं गं," रंभा म्हणाली. "मी नको म्हणायला पायजे हुतं."

गौतमीनं उचललेला पाय सावकाश खाली ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "तू नको म्हणली असतीस तर मी गेले नसते."

मग ती भिंतीचा आधार घेऊन उठली आणि तिनं आईसाठी ताट वाढायला घेतलं.