आमेन होईपर्यंत

अरुणा लोपीसला देवाकडे काही मागायचं असलं की ती पुटपुटत नसे. नंदाखालला तिच्या माहेरी संध्याकाळची जपमाळ अशा खणखणीत आवाजात चाले, की शेजारची माणसं आपापल्या ओट्यावरून उत्तरं देत. लग्नानंतर ती सिंगापूरला आली, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये तिचे केस पिकले, पण तो आवाज काही खाली आला नाही. लेक मधुरा म्हणायची, "मम्मी, हळू. देव बहिरा नाहीये." त्यावर अरुणाचं उत्तर ठरलेलं असे, "नाही ना? मग नीट ऐकू दे की त्याला!"

गेल्या नाताळच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला, दिलीपला, अर्धांगवायूचा झटका आला. जहाजांच्या इंजिनरूममध्ये जन्म काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला धडधाकट माणूस. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. अन्न पोटात नळीने जाऊ लागलं. अंघोळ, औषधं, नळी, सगळं अरुणाने पदर खोचून अंगावर घेतलं आणि कुणापुढे रडगाणं गायलं नाही.

पण एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. दर रविवारी चर्चमधल्या एक आंटी आजाऱ्यांसाठी घरी कम्युनियन घेऊन यायच्या. ख्रिस्तप्रसादाची ती पातळ पांढरी चकती त्या अरुणाला द्यायच्या आणि दिलीपच्या कपाळावर नुसता क्रूस काढायच्या. त्याला कणही देता येत नव्हता. श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया व्हायचा. दिलीप दर वेळी तोंड उघडून आशेने बघे, मग मुकाट्याने मिटून घेई. किनाऱ्यावर असताना ज्याने कधी चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवली नाही, त्या माणसाला उपाशी ठेवून आपण प्रसाद घ्यायचा, याची अरुणाला लाज वाटे.

तिने नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना केल्या, एक संपली की दुसरी. फेब्रुवारीत हॉस्पिटलने गिळण्याची तपासणी केली आणि दिलीप नापास झाला. मैत्रिणी म्हणाल्या, "देवाची इच्छा!" अरुणा फणकारली, "त्याची इच्छा काय ते तो सांगेल. तुम्ही कशाला त्याच्या वतीने बोलताय?" ईस्टरला नवऱ्याला चर्चमध्ये नेऊन कम्युनियन द्यायचंच, हे तिने त्याच दिवशी पक्कं केलं.

गिळण्याची थेरपी देणाऱ्या मिस लिमने व्यायाम सांगितला होता. तोंडातली लाळ जोर लावून गिळायची, जमेल तितक्या वेळा. दिलीप दोन-चारदा करून कंटाळे आणि भिंतीकडे तोंड फिरवी. मग अरुणाने जपमाळ काढली. 'नमो मरिया' तिने म्हणायची आणि 'आमेन' झालं की त्याने गिळायचं. मणी ओढला की घोट. दिलीप एकदम वठणीवर आला. उभा जन्म त्याने वरून हुकूम आल्याशिवाय इंजिनाला हात लावला नव्हता, त्याला ही शिस्त पटली. सकाळ-संध्याकाळ माळ ओढता ओढता ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सरत आला.

त्याच्या शेवटच्या, पवित्र आठवड्याच्या सोमवारी पुन्हा तपासणी ठरली. दिलीपला एक्स-रे यंत्रासमोर बसवलं. मायलेकी दाराबाहेर, काचेतून बघत उभ्या. मिस लिमने चमचाभर दाट पांढरं औषध त्याच्या तोंडात ठेवलं.

"स्वॉलो, अंकल."

दिलीप ढिम्म बसून राहिला.

"अंकल, स्वॉलो!"

पडद्यावर तो पांढरा गोळा जिभेवर होता तिथेच होता. डॉक्टरांनी मान हलवली. मधुराने डोळे पुसले. "गेलं, मम्मी. पुन्हा फेल."

अरुणा मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याचा चेहरा बघत होती. तो घाबरला नव्हता की थकला नव्हता. तो वाट बघत होता.

"अगं बाई! ते आमेनसाठी थांबलेत!"

"मम्मी, प्लीज, इथे नको. काय म्हणतील सगळे?"

"म्हणू देत. तू सरक."

दार ढकलून ती आत घुसली. "डॉक्टर, माय हजबंड वेटिंग फॉर प्रेयर!" डॉक्टर चक्रावले. मागून धावत आलेल्या मधुराने लाजत, अडखळत सगळा प्रकार समजावला. मिस लिमने हसू दाबलं. दोघींना जड संरक्षक एप्रन चढवून डॉक्टर म्हणाले, "ओके आंटी, वन टाइम."

अरुणाने नंदाखालच्या ओट्यावरचा आवाज लावला. 'नमो मरिया' सुरू झालं तशी पलीकडच्या खोलीतली माणसं डोकावली. 'आमेन' झालं आणि दिलीपने गिळलं. पडद्यावरची पांढरी रेघ अन्ननलिकेत सरळ उतरली.

"अगेन," डॉक्टर म्हणाले.

पुन्हा प्रार्थना, पुन्हा घोट, आणि तोंड रिकामं झालं हे दाखवायला दर वेळी मिस लिमपुढे जीभ बाहेर. तिसऱ्या खेपेला प्रार्थनेचा पुढचा अर्धा भाग उत्तर म्हणून मधुराने दिला, तोही चांगल्या मोठ्या आवाजात.

नळी लगेच निघणार नव्हती. पण चमचाभर दाट अन्नाला परवानगी मिळाली. अरुणाने ख्रिस्तप्रसादाचं विचारलं तेव्हा मिस लिम म्हणाली, "कॅन, आंटी. स्मॉल स्मॉल पीस. सोक इन थिक वॉटर, देन कॅन लाह." म्हणजे दाट केलेल्या पाण्यात भिजवून द्यायला हरकत नव्हती.

ईस्टरला चर्च माणसांनी फुललं होतं. अरुणाने दिलीपला नवा शर्ट चढवून त्याची व्हीलचेअर पहिल्या रांगेत लावली. फादर खाली उतरून त्याच्यापाशी आले. दाट केलेल्या पाण्यात भिजवलेला प्रसादाचा कण चमच्यात होता. "बॉडी ऑफ क्राइस्ट," ते म्हणाले. घेणाऱ्याने इथे 'आमेन' म्हणायचं असतं. दिलीपला बोलता येत नाही हे फादरांना ठाऊक होतं, म्हणून उत्तरासाठी न थांबता त्यांनी कण त्याच्या जिभेवर ठेवला.

अरुणाने घाईघाईने 'नमो मरिया' सुरू केलं. मागे रांग खोळंबली होती. प्रार्थना अर्ध्यावर आली आणि तिचं लक्ष गेलं, दिलीपने तोंड उघडलं होतं. पडला का कण? अडकला का? ती वाकली. जीभ स्वच्छ होती. तिच्या आमेनची वाट न बघता तो केव्हाच गिळून मोकळा झाला होता, आणि मिस लिमला दाखवायचा तशी जीभ बाहेर काढून फादरांना दाखवत होता. चेहऱ्याची डावी बाजू, जी त्याची उरली होती, ती हसत होती.

फादर हसले, पण पुढे सरकले नाहीत. उत्तर अजून यायचं होतं. अरुणाने डोळे पुसले, मान ताठ केली आणि शेवटच्या बाकावरच्या माणसांनीही वळून पाहावं अशा आवाजात आपल्या नवऱ्याचं 'आमेन' म्हटलं.