एक्का कधी एक, कधी अकरा

पक्षाघातातून ऊर्मिला सावरली, पण तिची बेरीज हरवली. स्टुटगार्टमध्ये इतकी वर्षं गाड्यांचे गिअर डिझाइन करणाऱ्या तिला सात आणि पाच किती, तेही सांगता येईना. लहान मुलांची गणितं समोर ठेवली की ती चिडायची. शेवटी तिनेच टॅबलेटवर ऑनलाइन कॅसिनोतला ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ उघडला, पैसे न लावता सरावासाठी खेळायचा.

"अगं, जुगार?" तिचा नवरा नरेंद्र दचकला.

"पैसे नाहीत यात. तू फक्त नियम वाचून दाखव."

त्याने वाचले. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की हरलो. चित्रांचे दहा. एक्का एक किंवा अकरा, आपल्याला सोयीचा असेल तो.

ती रोज हरत होती. नरेंद्र उत्तर सांगायला लागला की हात वर करून त्याला गप्प करायची. एका सकाळी तिला एक्का आणि छक्की आली. तिने आणखी एक पान मागितलं. नव्वी निघाली.

"सव्वीस. गेलं," नरेंद्र म्हणाला.

"थांब." ती बराच वेळ बोटांवर मोजत राहिली. "एक्का आता एकच धरायचा. सोळा झाले. मी अजून खेळात आहे."

आणि तिने पुढचं पान मागितलं.