आधी दादा

परदेशात आल्यावर इथल्या मित्रांनी, म्हणजे दादा, वहिनी आणि डॉक्टरनं, मला पहिल्यांदाच बोलिंगला नेलं; जड चेंडू घरंगळवून समोर उभ्या केलेल्या पिना पाडायचा खेळ. पडद्यावर ज्याचं नाव येईल त्यानं चेंडू टाकायचा, इतकं सोपं. पण आमच्यात ऐकतो कोण? माझं नाव आलं की मी म्हणायचो, "आधी दादा." मग दादांचा चेंडू पिनांना चुकवून कडेनं जायचा. दादांचं नाव आलं की ते डॉक्टरला पुढे ढकलायचे. वहिनींना खेळासाठी घेतलेले भाड्याचे बूट चावत होते, म्हणून त्यांच्या नावावर दर वेळी मीच टाकत होतो. पिना धडाधड पडत होत्या.

शेवटी पडद्यावर वहिनी पहिल्या आणि मी तळाला. सगळ्यांत जास्त पिना पाडूनही तळाला कसा, ते मला काही केल्या उलगडेना. दादांनी मशीनलाच दोष दिला.

चेंडूला हातही न लावलेल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वेळी तुम्ही नुसते बसा. जिंकाल."