आबांनी पाणी पाजलेला निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. बारामतीतल्या एका तीन मजली इमारतीच्या मागे, नळाशेजारी उभा असतो. अंगभर ओरखडे, काठ चेपलेला आणि पोटाला भोकंच भोकं! पण हसू नका हं, त्या भोकांतूनच मी श्वास घेतो.

कारखान्यात गरम प्लास्टिक फुगवून मला घडवलं. पोटात उसाला घालायचं पातळ खत भरून मी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला, दत्तोबा आबांच्या रानात पोचलो. खत संपल्यावर मी ठिबकच्या नळ्या सांभाळू लागलो. आबा येता-जाता मला थापटायचे, "लई दणकट गडी हाय ह्यो!"

पुढे आबांचे गुडघे थकले. मुलाने त्यांना बारामतीला आणलं आणि आबांनी मला. इथे मात्र मला कामच नव्हतं. पार्किंगच्या कोपऱ्यात पडून राहिलो. कुणी माझ्यात फुटकी चप्पल टाकायचं, कुणी थुंकायचंसुद्धा.

मला पुन्हा उभं केलं ते आबांच्या नातीने, नववीतल्या सुकन्याने. इमारतीतला ओला कचरा काळ्या पिशव्यांत गच्च गाठ मारून घंटागाडीत जायचा. तिने इमारतीचे अध्यक्ष विजयसिंह काकांना गाठलं.

"काका, देठा-सालांची इथेच माती होते. मग ती गावाबाहेरच्या ढिगावर कशाला पाठवायची?"

"कर बाई. पण वास आला तर ड्रम भंगारात. कबूल?"

"कबूल!"

तिने वडिलांकडून तापल्या सळीने मला भोकं पाडून घेतली. घराघरांतून सालं आली, चहाचा चोथा आला. मी पोटभर जेवू लागलो. सगळ्यांनी कौतुक केलं.

पण उन्हाळा तापला आणि मी नासलो. बुडातून काळं पाणी गळू लागलं, माश्या घोंगावू लागल्या. समोरच्या रेश्मा काकू खिडकीतून ओरडल्या, "अगं सुकन्या, तुझ्या ड्रमाचा वास माझ्या चहात उतरलाय!"

काकांनी निकाल दिला, "रविवारी भंगारवाला येईल."

मी गेलो असतो तर काळ्या पिशव्या परत आल्या असत्या, आणि सुकन्याचं पुन्हा कुणी ऐकलं नसतं.

शनिवारी सकाळी ती खाली आली, तर आबा माझ्या तोंडात पाण्याचा पाइप धरून उभे!

"आबा! तुम्ही रोज पाणी घालता?"

"मग? एवढं ऊन हाय. पाण्याची पाळी चुकली की ऊस जळतोय, ही तर कोवळी माती."

"आबा, हा ऊस नाही हो. पाण्याने याचा जीव गुदमरतोय."

आबांनी पाइप खाली टाकला. मग पायांत चपला सरकवल्या आणि एसटी धरून वरकुट्याला गेले. दुपारी परतले ते उसाच्या वाळक्या पाचटाचं पोतं घेऊन.

"ह्ये आमी दरसाल पेटवून देत हुतो," ते हळूच म्हणाले. "पाणी पिईल का ह्ये?"

आजोबा-नातीने मला रिकामं केलं. नाकाला फडकं बांधून सारा चिखल मोकळा केला, पाचटात कालवला आणि पुन्हा माझ्यात भरला. इतक्या दिवसांनी माझ्या पोटात वारा खेळला.

रविवारी भंगारवाला दारात आला. विजयसिंह काकांनी वाकून वास घेतला.

"अजून येतोय."

"कालच्यापेक्षा कमी आहे ना काका?" सुकन्याने विचारलं.

काकांनी पुन्हा वास घेतला. मग भंगारवाल्याला म्हणाले, "जा बाबा तू. हा आजारी आहे, मेला नाही."

आणि वर जाऊन ते स्वतःच्या घरातली काळी पिशवी घेऊन आले. गाठ सुटेना, तर दातांनी सोडली. प्लास्टिक बाजूला काढलं आणि सालं माझ्यात ओतली.

मित्रांनो, एवढंच मागतो. दारातून लोटलेला कचरा कुणाच्या तरी दाराशी जाऊन पडतोच. म्हणून तुमच्याकडचा एखादा ड्रम नासला, तर नाक दाबून लांब पळू नका. आधी आत हात घालून बघा.